चाळीस सदरे, एक माप

दहावीत गणितात एकदा गचकलेल्या आफिफाला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी सांख्यिकीचा पेपर आला, तेव्हा तिनं आधी तो बदलून मिळतो का ते विचारलं. पण सरासरी पहिल्याच दिवशी जमली. सगळे आकडे मिळवायचे आणि जेवढे आकडे तेवढ्यानं भागायचं, बस्स! तिला आभाळ ठेंगणं झालं.

औंढ्यातल्या दुकानात तिचे अब्बा, महेबूब टेलर, तेव्हा एका शाळेच्या चाळीस पोरांचे सदरे शिवायला घेत होते. ते मापं सांगायचे, ती वहीत लिहायची.

"अब्बा, एकेकाचं वेगळं काहून कापता? सरासरी छाती अठ्ठावीस येते. त्याच मापानं सगळे कापा."

तीस वर्षांत त्यांनी असं कधी कापलं नव्हतं. पण पोरगी शिकून राहिली, तिला बराबर माहीत असणार, म्हणून त्यांनी कात्री चालवली.

झेंडावंदनाला कुणाची बटणं लागेनात, तर कुणाचे हात बाह्यांत गडप. पुढच्याच आठवड्यात वर्गात नवा धडा निघाला: सरासरीपासून कोण किती लांब. आफिफाला मान वर करवेना.

अब्बा एका शब्दानं रागावले नाहीत. आठ दिवस बसून त्यांनी सदरे नव्यानं शिवले.

परीक्षेत त्या धड्यावर तिला पैकीच्या पैकी मिळाले. पण आता गिऱ्हाईक आलं की अब्बा गळ्यातला टेप काढतात, माप घेतात आणि वहीत स्वतःच लिहितात.