कुंदावहिनींचा आकडा

क्षमानं आईच्या फोटोला हार घातला, तोच चिंतामणी दारात चपला काढू लागला. मदन महल स्टेशनजवळ त्याचं पानाचं दुकान. आई आजारी असताना कधी फिरकला नाही, आणि दहाव्याला उंबऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता.

"अरेरे, कुंदावहिनी म्हणजे देवमाणूस! वय काय होतं हो दीदी?"

सकाळपासून जो येई तो हेच विचारी. आई शेवटी काही बोलली का, हे कुणी विचारलं नाही. आत्ताच गेलेला एक जण जिन्यात फोनवर पुटपुटताना तिनं ऐकला होता, "इकहत्तर, पूरा लगा दो."

सरकारनं मोबाईलवरच्या लॉटरीची ॲपं बंद केली. कलेक्टर कचेरीतून त्या बंदीची पोस्टरं क्षमानंच वाटली होती. तर मेल्यांनी फोनवर आकडे लावायला सुरुवात केली! आणि घरात माणूस गेलं, की म्हणे त्याच्या वयाचा आकडा हमखास लागतो.

तिला शिसारी आली. आईनं दवाखान्याच्या खाटेवरून बाबांना आपल्या गळ्याची शपथ घालून आकडा सोडायला लावला होता. तिच्याच मरणावर ही गिधाडं!

"अठ्ठ्याहत्तर," क्षमा म्हणाली. आई एकाहत्तरची होती. बुडा मेल्यांनो.

"अच्छा, अठ्ठ्याहत्तर. चलो, येतो."

चहाला न थांबता, फोन काढतच तो उतरला.

दुसऱ्या दिवशी तो हसत आला आणि फोटोपुढे पेढ्यांचा पुडा ठेवला.

"वहिनी पावल्या, दीदी! अठ्ठ्याहत्तरच आला!"

तेरावं झालं नाही अन् पेढे! क्षमानं पुडा उचलून त्याच्या छातीवर कोंबला.

"चालते व्हा. पुन्हा दारात दिसलात तर पोलिसांत देईन."

"काहून चिडून राहिल्या? मी तर..."

तिनं दार लोटलं. बाबा, भय्यासाहेब, खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. शिव्याशाप नाहीत, रडणं नाही. निदान एक माणूस तरी आईच्या शब्दाला जागला. ती त्यांच्या पायाशी बसली.

"मनाला लावून घेऊ नका, बाबा. त्याला खोटं वय मीच सांगितलं होतं."

भय्यासाहेबांनी हातातला फोन मांडीवर उपडा ठेवला. फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मला काहून नाही सांगितलं, बेटा?" ते म्हणाले. "मी एकाहत्तरच लावून बसलो ना."