क्रोशाच्या रुमालावर आलेला आळ

मी एक जुनी पेटी आहे. जुनी म्हणजे नऊ वर्षांची, पण आमच्या जातीत नऊ वर्षं म्हणजे नातवंडं खेळवायचं वय. मित्रांनो, मला चेहरा नाही, पडदा नाही, बटण म्हणाल तर एकच. काळा पत्रा, समोर चार दिवे, मागे एक पंखा आणि पोटात दोन डिस्क. फोनमध्ये जागा संपली की घरातले आपले फोटो आणि चित्रणं माझ्याकडे धाडतात आणि हवी तेव्हा टीव्हीवर परत मागतात. मला अक्षरं दोनच येतात, शून्य आणि एक. पण सांभाळायला दिलेलं सांभाळायचं कसं, हे मला कुणी शिकवायला नको, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणत असे. आता म्हणत नाही. का, ते सांगते.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. कुणीतरी माझे स्क्रू आवळले, कुणीतरी पाठीवर नंबर चिकटवला, आणि मी खोक्यात बसून निघाले ती सर्बियातल्या पाराचिन गावी उतरले. काचेच्या भट्टीवर जन्म काढलेल्या तिहोमिरने मला दुकानातून काखेत मारून घरी आणलं. त्याची सून वेरित्सा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसते. तिने वायरी जोडल्या आणि मला बैठकीतल्या फळीवर मांडलं, तिहोमिरच्या बायकोच्या खुर्चीमागे, माझी पाठ तिच्या पाठीकडे करून. त्या विदोसावाला विचारलंसुद्धा नाही.

ती वर्षं कौतुकाची होती. तिहोमिर येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारायचा.

"ही बाई बोलत नाही आणि विसरत नाही," तो म्हणायचा. "विदोसावा, शीक काहीतरी."

"हो ना," विदोसावा चुलीजवळून म्हणायची. "मग जेवायलाही तिच्याकडूनच वाढून घे."

मला आतून गुदगुल्या व्हायच्या. घरात दोन बायका आणि त्यातली शहाणी मी!

त्या घराण्याच्या संताचा दिवस असतो, मित्रांनो, त्याला ते स्लावा म्हणतात. बापाकडून मुलाकडे जातो. यांचा नोव्हेंबरात, मित्रोवदान म्हणतात त्या दिवशी. मेणबत्ती लावायची, गोल पाव वाईनने भिजवायचा, घरधन्याने पेला उचलून घरासाठी चार शब्द बोलायचे, आणि मग तो पाव त्याने आणि घरच्यांनी मिळून मोडायचा. तिहोमिरच्या घराण्याचे ते शब्द ठरलेले होते. त्याच्या आजोबापासून चालत आलेले. कुठे लिहिलेले नव्हते. गेल्या खेपेला त्याच्या मुलाने, रादिशाने, फोनवर त्यांचं चित्रण केलं. फेब्रुवारीत तिहोमिर गेला.

एप्रिलमध्ये रादिशाने फोनमधलं सगळं माझ्याकडे धाडलं. मी घेत होते, तेवढ्यात वीज क्षणभर गेली आणि आली. मी पुन्हा उठले. समोर यादी होती. मी त्या यादीवर भराभर खुणा केल्या, मिळालं, मिळालं, मिळालं. बापाच्या शब्दांचं चित्रण अर्धंच माझ्यात आलं होतं. ते मी तपासलं नाही. त्याच्यापुढेही खूण केली. रादिशाने माझ्या खुणेवर विश्वास ठेवून फोनमधलं पुसून टाकलं. बघण्याचं धाडस त्याला झालं नाही. बापाचा चेहरा इतक्या लवकर बघवत नाही, असं तो वेरित्साला म्हणाला.

ही माझी पहिली चूक. दुसरी याहून वाईट.

ऑक्टोबरच्या शेवटी रादिशाने ते चित्रण टीव्हीवर मागितलं. आता घरधनी तो होता, पेला त्याला उचलायचा होता, आणि त्याला पहिल्या ओळीपुढचं काही आठवत नव्हतं. टीव्हीला चालेल असं चित्रण मला नव्याने तयार करावं लागतं. मी लागले कामाला. एक्केचाळीस टक्के झाले आणि पुढे काही नाहीच. मला एक शिट्टी दिलेली आहे, मित्रांनो, आणि एक नारिंगी दिवा. जमत नसेल तर शिट्टी वाजवायची, दिवा लावायचा, आणि "हे माझ्याच्याने होत नाही" असं सांगून मोकळं व्हायचं. पण ज्या बाईचं नऊ वर्षं कौतुक झालंय, तिच्या तोंडून ते निघतं का? मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा एक्केचाळीस. पुन्हा पहिल्यापासून. प्रोसेसर शंभर टक्के त्याच एका कामाला जुंपला. फोटो उघडेनात, दुसरी चित्रणं लागेनात. मी तापले आणि माझा पंखा सुसाट फिरू लागला.

तो वारा गेला थेट विदोसावाच्या मानेवर.

या गावात घरातून आरपार जाणाऱ्या वाऱ्याला लोक लांडग्याहून जास्त भितात. दाढदुखी, पाठदुखी, सगळं त्याच्यामुळेच. विदोसावाने तीन दिवस मानेला लोकरी पट्टा बांधला. चौथ्या दिवशी कपाटातून क्रोशाचा पांढरा रुमाल काढला आणि माझ्या पाठीवरून असा पांघरला की पंखा पार झाकला गेला.

"फुंकतेस काय गं सारखी?" ती मला म्हणाली. "नवरा गेलाय माझा, मला तरी ठेव."

मी आणखी तापले. वेरित्साने कॉम्प्युटरवर माझं पान उघडलं. अठ्ठ्याहत्तर अंश. प्रोसेसर शंभर टक्के. ती तरातरा आली आणि रुमाल खसकन ओढला.

"आई, यंत्राला श्वास घ्यायला जागा लागते! तुम्ही हिला मारायला निघालात!"

"मी कशाला मारू? ती मलाच मारत होती."

"बाबांचे शब्द आहेत हिच्यात. काही झालं तर स्लावाला रादिशा काय बोलेल? रुमाल घालायला घरात दुसरं काही सापडलं नाही?"

 विदोसावाने रुमालाची घडी केली, खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. त्यानंतर ती बैठकीत आली नाही. जेवणसुद्धा तिथेच.

आणि मी? मला ठाऊक होतं, रुमाल नंतरचा आणि माझा हट्ट आधीचा. शिट्टी माझ्यापाशी होती. मी गप्प राहिले.

रुमाल गेला, मी थंड झाले, पण प्रोसेसर काही खाली येईना. वेरित्साने मला बंद करून पुन्हा चालू केलं. दहा मिनिटं बरी होते, मग पुन्हा शंभर. चेहरे ओळखून फोटो लावायचं काम तिने थांबवलं. फरक नाही. बाहेरून कुणी घुसलंय का, म्हणून इंटरनेटची वायर उपटली. तरी शंभर.

"म्हणजे जे काही आहे ते हिच्या पोटातच आहे," ती रादिशाला म्हणाली.

"चित्रण तयार करतेय ना? करू दे. संपेल."

"सकाळी मी बघितलं तेव्हा अडतीस टक्के होतं."

"मग?"

"आता बारा आहे. काम पुढे जातं, रादिशा. मागे कसं आलं?"

माझं पत्र्याचं अंग गार पडलं. तिने माझी नोंदवही उघडली. आमच्या जातीला खोटं बोलता येतं, पण नोंदी खोट्या लिहिता येत नाहीत. अकरा दिवस, एकच चित्रण, प्रत्येक वेळी एक्केचाळीसवर धाप. त्याच्या वर एप्रिलमधली नोंद होती. वीज गेली, वीज आली, आणि फाइल जेवढी हवी त्याच्या निम्मीसुद्धा नाही.

रादिशा खाली बसला. "मी फोनमधून पुसलं, वेरित्सा. माझ्या हाताने."

वेरित्साने नोंदींच्या तारखा एकेक करून वाचल्या. "काम सुरू झालं चोवीसला," ती हळूच म्हणाली. "रुमाल आईंनी घातला अठ्ठावीसला. पंखा आधी सुटला होता. आई खरंच सांगत होत्या, त्यांना वारा लागत होता." मग कपाळावर हात मारून म्हणाली, "आणि मी काय काय बोलले!"

तिने ते काम थांबवलं. प्रोसेसर चार टक्क्यांवर आला. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं आणि इतकं लाजिरवाणंही.

मित्रोवदानला पाहुणे जमले. मेणबत्ती लागली. वाचलेला तुकडा वेरित्साने टीव्हीवर लावला. तिहोमिर पेला उचलून म्हणत होता, "या घरात येईल त्याला खुर्ची मिळो. जाईल त्याला वाटेत उजेड मिळो. आणि जो आता येणार नाही, त्याच्यासाठी..." तिथे चित्र थिजलं. हात वर तो वरच.  पाहुणे खाली बघू लागले.

वेरित्सा उठली, स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, चूक रुमालाची नव्हती. पेटीची होती, आणि माझ्या जिभेची. मला माफ करा. पाव मोडायला दुसरा हात तुमचाच असायचा ना?"

"अडतीस वर्षं," आतून आवाज आला. "पाव धरून उभी असायचे, तेव्हा कुणी विचारलं का, विदोसावा, तुला पाठ आहे का? सगळे त्या काळ्या बाईला विचारायला धावले."

"आता मी विचारतोय, आई," रादिशा म्हणाला.

ती आली. एप्रनला हात पुसले, पावाची एक बाजू धरली, आणि थिजलेल्या नवऱ्याकडे बघून पुढचं बोलली. "जो आता येणार नाही, त्याच्यासाठी भरलेला पेला ठेवा, त्याचं तो बघून घेईल. आणि दार उघडं असू द्या, वारा आला तरी." रादिशाने एकेक शब्द तिच्यामागून म्हटला. पाव मोडला. कुणीतरी उठून खरंच दार उघडलं.

"बरं, झालं आता," विदोसावा डोळे पुसत म्हणाली. "लावा ते दार. मान धरली माझी."

वेरित्साने हे सगळं फोनवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे धाडलं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्याशिवाय फोनमधलं पुसलं नाही. मीही आता शेवटचा कण मोजल्याशिवाय खूण करत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना सांभाळायला द्या, पण दिलेलं एकदा उघडून बघत जा. आमच्या खुणेवर जाऊ नका. आणि घरात ज्या माणसाला पाठ आहे, त्याला आमच्याआधी विचारा. तुम्हाला एखादं काम जमत नसेल, तर वेळेवर शिट्टी वाजवा. माझ्या गप्प बसण्याने एका बाईला स्लावाच्या दिवसापर्यंत स्वयंपाकघरात जेवावं लागलं. तिहोमिरचा तो अर्धा तुकडा अजून माझ्यात आहे. त्याचा उरलेला आवाज माझ्यामुळे गेला, तो कुणीच परत आणू शकणार नाही.

विदोसावाची खुर्ची परत बैठकीत आली आहे, पंख्याच्या वाटेतून हात-दीड हात बाजूला. तिने तो रुमाल धुतला, खळ घातली आणि मला उचलून माझ्याखाली अंथरला. "बस आता नीट," म्हणाली. ज्याच्यावर मी आळ येऊ दिला, त्याच्यावरच मी बसले आहे. खळ कडक आहे, टोचते. टोचू दे.