ज्या वर्षी मी वाजले नाही

मित्रांनो, खिळ्याला टांगलेली, पोटावर दोन पोचे असलेली मी गाईच्या गळ्यातील एक वयस्क घंटा आहे. टिरोलच्या डोंगरांतील हिंटरआख ह्या गावी माझे वास्तव्य आहे. हिवाळ्यात बर्फावर घसरण्यासाठी आणि उन्हाळ्यात निर्मळ हवेसाठी येथे दूरदूरचे पाहुणे येतात. परंतु माझी कथा पाहुण्यांची नसून गाईंची आहे.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. लोखंडाचा पत्रा तापवून तो मला ठोकी व प्रत्येक घावानंतर कान लावून ऐके. “अजून नाकात बोलतेय,” असे पुटपुटून पुन्हा ठोकी. अखेरीस माझा नाद खर्जात लागला, तेव्हा मेल्खिओर नामक गुराख्याने मला उचलून छातीशी धरले. गावातील सर्वांच्या गाई उन्हाळाभर उंच कुरणांवर सांभाळणे, हे त्याचे पिढीजात काम होते.

रोज चरताना गाईंच्या गळ्यात लहान घंटा असतात. माझा मान वर्षातून एका दिवसाचा. शरद ऋतूत कळप गावात उतरतो, त्या दिवशी अग्रभागी चालणाऱ्या गाईच्या गळ्यात मी असे. गाईंच्या मस्तकांवर हिरव्या डहाळ्यांचे आणि कागदी फुलांचे मुकुट, रस्त्याच्या दुतर्फा माणसे आणि माझा गंभीर नाद! तो दिवस म्हणजे माझे आयुष्य, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र उन्हाळ्यात एखादे जनावर दगावले असेल, तर फुले नाहीत आणि मोठ्या घंटांत गवत कोंबून त्या मुक्या करायच्या, अशी आमच्याकडील रीत आहे. मेल्खिओरच्या साऱ्या कारकिर्दीत ती वेळ कधीच आली नाही.

पुढे त्याचे गुडघे गेले व मी हॉटेलमालक गेबहार्डच्या भोजनगृहात शोभेची वस्तू झाले. पाहुणे मला चमच्याने वाजवीत व हसत. तीन वर्षे मी ते सोसले. मग एके दिवशी मेल्खिओरची मुलगी आफ्रा दारात उभी राहिली.

“काका, ती घंटा उतरवा. यंदा कळप मी नेतेय.”

“अगं, पाहुण्यांना आवडते ती.”

“पाहुण्यांना सूप पाजा. घंटा माझ्या बाबांची आहे.”

मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा जन्मल्यासारखे वाटले! आफ्रा गाई घेऊन वर गेली आणि मी तिच्या घरी शरदाची वाट पाहत राहिले.

तो दिवस उजाडला. गेबहार्ड मला आणि मुकुटांच्या टोपल्यांना ट्रॅक्टरमध्ये घालून गावाबाहेरच्या शेवटच्या कुरणावर आला. आफ्रा तेथे कळपापाशी उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

“काय गं, तोंड का असं? आणि क्रेसेन्झआजीची गाय, लोटे, दिसत नाही ती?”

“काल गेली, काका. वरच्या उतारावरून घसरली. परवाच खाली आणायला हवं होतं. गवत बरं होतं म्हणून म्हटलं, अजून एक दिवस. अन् गारा पडल्या.”

गेबहार्डने टोपी मागे सारली. “हे बघ, खाली सगळी हॉटेलं भरलीत. बँडवाले सकाळपासून पिपाण्या पुसत बसलेत. आज मुकुट चढव. क्रेसेन्झआजीला उद्या सांगू, गाय आजारी होती म्हणून.”

“खोटं सांगू?”

“मग खरं सांग, आणि पुढच्या उन्हाळ्यात बस घरी! बाईमाणूस गुरं राखणार म्हणून आधीच नाकं मुरडत होते सगळे. आता कोण सोपवेल तुला गाय?”

आफ्राने मला गाईच्या गळ्यात बांधले व एकेक मुकुट चढवू लागली. मी प्रांजळपणे कबूल करते, मला आनंद झाला. तीन वर्षे कळपापासून दूर राहिलेली मी, मला फक्त वाजायचे होते.

टोपलीच्या तळाशी एक मुकुट उरला. वृद्ध क्रेसेन्झने तो आपल्या लोटेसाठी स्वहस्ते गुंफला होता. रेशमी फितीवर लोटेचे नावही भरले होते. आफ्राने तो हातात घेतला.

“हा कुणाला घालू, काका?”

गेबहार्डने मान खाली घातली. नंतर तो वाकला, त्याने मूठभर गवत उपटले आणि निमूटपणे तिच्या हाती दिले. आफ्राने सर्व मुकुट उतरवले. मग तिने माझ्या पोटात गवत कोंबले, माझी जीभ हलेनाशी होईपर्यंत.

आम्ही उतरलो. खुरांखेरीज कसलाही आवाज नव्हता. “हे काय, फुलं कुठायत?” असे एक पाहुणी मोठ्याने म्हणाली. गावकऱ्यांनी मात्र टोप्या काढल्या आणि बँडवाल्यांनी वाद्ये खाली ठेवली.

क्रेसेन्झ आपल्या गोठ्याच्या दाराशी कोंड्याची बादली घेऊन उभी होती. आफ्रा सरळ तिच्यापुढे गेली.

“आजी, लोटे गेली. चूक माझी. एक दिवस जास्त ठेवलं मी.”

“कळप वरच्या वळणावर आला तेव्हाच कळलं मला, काहीतरी झालंय,” म्हातारी म्हणाली. “घंटा ऐकू आली नाही.” तिने बादली खाली ठेवली. “फक्त कुणाची, ते माहीत नव्हतं.”

मग क्रेसेन्झने एप्रनच्या टोकाने आधी आपले डोळे पुसले, नंतर आफ्राचे.

“तिची कालवड आहे माझ्याकडे. वसंतात कुरणावर घेऊन जा तिला.”

“माझ्याकडे? अजूनही?”

“दुसऱ्या कुणाकडे देऊ? जी येऊन तोंडावर सांगते, तिच्याकडेच द्यायची. पण गारांचा वास आला की त्याच दिवशी खाली यायचं, कळलं का? आणि नाक पूस आता, गाई बघताहेत.”

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळदा वाजले, परंतु जिचा मला सर्वाधिक अभिमान वाटतो, ती ही न वाजलेली फेरी. कधी तुम्ही आमच्या डोंगरांत पाहुणे म्हणून आलात आणि एखादा कळप फुलांविना, निःशब्द उतरताना दिसला, तर कृपया हिरमुसू नका. क्षणभर कडेला थांबा व टोपी काढा. कारण त्या कळपापुढे चालणारे माणूस कुणाच्या तरी दारी खरे सांगायला निघालेले असते.