बायकांचा दरवाजा

"काका, पुढे या ना. तुम्ही तर इथलेच," मिनल म्हणाली आणि तिने माईक माझ्या तोंडासमोर धरला.

आम्ही वीस-बावीस म्हातारी माणसं बसमधून उतरून उभी होतो. 'बदलतं नागपूर' नावाची एक दिवसाची सहल होती, मिनल तिची गाईड. सकाळी मेट्रोने जाऊन मिहानच्या काचेच्या इमारती पाहिल्या, जेवलो, आता शेवटी आमची गिरणी. म्हणजे गिरणीची जागा. तिथे आता मॉल आहे. धुराड्याचा बुडखा तेवढा राखलाय आणि त्यावर पिवळे दिवे सोडलेत.

"मी विणाई खात्यात होतो. बत्तीस वर्षं," एवढंच मी बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या बायकोला, पुष्पलताला, जाऊन पाच महिने झाले. घराबाहेर पडा म्हणून मुलगी मागे लागली होती, पण मी नाव दिलं ते वेगळ्या कारणाने. पुष्पाही याच गिरणीत होती, सुताच्या लड्या करायची. त्या खात्यात सगळ्या बायका. पुरुषाला आत मनाई. एकोणीस वर्षं आम्ही एका गिरणीत होतो, पण मी तिला काम करताना कधी पाहिलं नाही. ती कुठे उभी राहायची ती जागा मला एकदा पाहायची होती. तिच्या शेजारच्या मशीनवरची रंभाबाई सहलीला येणार असं कळलं. जागा दाखवू शकेल असं तेवढंच माणूस आता उरलं होतं.

आमचा संसार गेटवरच झाला म्हणा. तिची पहिली पाळी, माझी दुसरी. तीनला भोंगा व्हायचा. मी आमच्या लहानग्या दीपाला कडेवर घेऊन बायकांच्या दरवाजाशी उभा राहायचो. ती आली की पोर तिच्या हातात द्यायची आणि पुरुषांच्या दरवाजाकडे पळायचं. आणि ती रोज उशिरा यायची. दहा मिनिटं, कधी वीस.

"काहून वं, एवढा टाइम?"

"पोरींसंगं बोलत होती जी."

रोज हेच उत्तर. मी तिचं नाव 'रेडिओ' पाडलं. "आमचा रेडिओ भोंगा झाला तरी बंद होत नाही," असं पाहुण्यांसमोर म्हणायचो. सगळे हसायचे. तीही हसायची.

मॉलच्या दारात रांग होती. पुरुषांना नुसत्या चौकटीतून जायचं होतं. बायकांसाठी बाजूला पडदा लावलेली खोली आणि आत तपासणारी बाई. रंभाबाई पडद्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"आजी, दोन सेकंदांचं काम आहे," मिनल म्हणाली.

"मले नाही जाचं पडद्यात. तुमी या पाहून. मी बसतो इथंच."

"आजी, बॉम्ब लपवून राहिल्या का?" मागून कोणीतरी म्हणालं. रांग हसली.

रंभाबाई वळली. "हास बापू, हास. तुह्या मायनं गिरणीत काम नसन केलं."

मी जवळ गेलो. "काय झालं, रंभाबाई?"

"काही नाही, कवडूभाऊ. जमादारीण आठवली."

"कोणती जमादारीण?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "पुष्पानं तुमाले सांगतलं नाही?"

"काय?"

तिने आवाज खाली केला. "भोंगा झाला का आमाले लाइनीत उभं करे. मंग एकेकीले पडद्यामागं. सूत लपवलं का पाहाले लुगडं सोडाले लावे. महिन्याच्या दिवसांतही सोडत नव्हती. पुष्पा म्हणे, बाई, माही पोरगी उन्हात हाय, मले आधी जाऊ दे. तं तिले मुद्दाम मांगं ठेवे."

आमचे, पुरुषांचे, नुसते खिसे चाचपत.

"रोज?"

"रोजच."

"मले कधीच बोलली नाही."

"कशी बोलन? तुमी गरम डोक्याचे. जमादारणीच्या अंगावर गेले असते अन् दोघाइचंही काम गेलं असतं. आमी सगळ्याच घरी तेच सांगो. बोलत होतो म्हणून."

मी म्हणालो, "राहू द्या, रंभाबाई. जागा नाही पाहिली तरी चालते."

"काहून चालते? मी मेल्यावर कोण दाखवन तुमाले?" तिने पदर खोचला. "सरका."

ती पडद्याआड गेली. मी चौकटीतून पलीकडे गेलो आणि पडद्याजवळ थांबलो. बाकीची माणसं सरकत्या जिन्याकडे निघाली होती. मिनल परत आली. ती घड्याळाकडे पाहत होती.

"काका, आजींना एवढा वेळ का लागतोय?"

"लागू द्या," मी म्हणालो, आणि पडद्याकडे पाठ करून उभा राहिलो.