बुटक्या घोड्यावरचा भालाईत

बोटभर उंचीचा, शिशाचा, हातात भाला धरलेला घोडेस्वार म्हणजे मी. माझा घोडा बुटका आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मित्रांनो, पुढे मी हसू देणार नाही.

स्वार होण्याआधी मी छापखान्यातले खिळे होतो, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. सीताबर्डीवरच्या एका छापखान्यात रुपराव खिळे जुळवायचे. अक्षरं झिजली की मोडीत निघत. मालकाला विचारून रुपरावांनी त्यातली काही घरी आणली, वितळवून प्लास्टरच्या साच्यात ओतली, आणि एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर मी जन्मलो. माझ्यामागून आणखी सतरा भाऊ आले. पहिला मी, हे मी त्यांना विसरू देत नाही.

हा सगळा खटाटोप श्रीधर मास्तरांसाठी होता. मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. दर रविवारी दुपारी त्यांच्या अंगणात मोठ्या फळीवर १८१७ सालची सीताबर्डीची लढाई मांडली जाई. गोणपाटाची टेकडी, एकीकडे इंग्रज, दुसरीकडे नागपूरकर भोसले. फासे टाकायचे, फूटपट्टीने चाल मोजायची. मास्तरांचा हट्ट एकच होता, त्या काळी जे नव्हतं ते फळीवर नको. पागोट्याचा रंग चुकला तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

त्या वर्षी वाचनालयाच्या सभागृहात ही लढाई लोकांना दाखवायचं ठरलं. त्यासाठी भोसल्यांचे अठरा स्वार निवडायचे होते. निवडीच्या दुपारी मास्तरांचे मित्र कृष्णकांत एक पेटी घेऊन आले. पेटीत विलायतेहून आणलेले स्वार होते. घोडे उंचच उंच, अंग तुकतुकीत, काय तो थाट. कृष्णकांतांनी त्या साहेबांच्या डोक्यांवर पागोटी रंगवून त्यांना भोसल्यांचे शिलेदार करून टाकलं होतं. मग त्यांनी मला चिमटीत उचललं.

"हे काय, श्रीधर? टांग्याचा घोडा? याला तर झापडं आहेत."

खोटं कशाला बोलू मित्रांनो, होती. टांग्याच्या घोड्याला आजूबाजूचं दिसू नये म्हणून डोळ्यांशेजारी चामड्याची झापडं बांधतात ना, तीच माझ्या घोड्याला होती. लढाईत बाजूने शत्रू आला तर बिचाऱ्याने तो काय वासावरून ओळखायचा? मास्तरांचा चेहरा उतरला. अंगणात रुपराव पेटलेल्या शेगडीपाशी बसले होते आणि तिच्यावर लोखंडी पळी होती. नापास स्वार तिथल्या तिथे वितळवायचा, शिसं वाया घालवायचं नाही, हा रुपरावांचाच नियम. मास्तरांनी मला पळीत ठेवलं. माझ्या घोड्याच्या खुरांना चटका बसू लागला. घाबरलो का? घाबरलो. पण त्याहून जास्त राग आला.

"उंचीसुद्धा चुकलीच आहे," कृष्णकांत म्हणाले. "घोडा आहे की गाढव?"

हे ऐकून रुपराव उठले. त्यांनी चिमट्याने मला पळीतून बाहेर काढलं.

"मास्तर, झापडं माही चूक हाय. माहा बाप टांगा हाकत होता. घोडा म्हटला की मले झापडंवालाच दिसते, तं हातून तसा झाला. पण उंचीचं बोलू नका. लहानपणापासून मी घोड्याले खरारा केला. आपल्या इकडच्या तट्टाची पाठ माणसाच्या छातीपर्यंत येते. भोसल्याचे स्वार काहून विलायती घोड्यावर बसतीन?"

मास्तर उठले. घरात जाऊन त्यांनी स्वतःची टिपणांची वही आणली. जुने कागद वाचून त्यांनीच कधीतरी लिहून ठेवलं होतं की, मराठी स्वारांची तट्टं ठेंगणी पण काटक असत. लिहिलं आणि पार विसरले. मग त्यांनी दोन्ही घोड्यांना फूटपट्टी लावली. विलायती घोड्याची पाठ स्वाराच्या कपाळाला भिडत होती, माझ्या घोड्याची छातीला.

"कृष्णकांत, तुझे घोडे देखणे आहेत, पण भोसल्यांचे नाहीत," मास्तर म्हणाले. "रुपराव, चुकलो मी. झापडं तेवढी काढा."

कृष्णकांत पेटी उचलून तडक निघून गेले आणि दोन रविवार फिरकले नाहीत. रुपरावांनी चाकूने आम्हा अठरा जणांची झापडं तासली. तासताना माझ्या घोड्याचा एक कान गेला. गेला तर गेला.

सभागृहात आम्ही अठराही जण उभे राहिलो. लढाई भोसल्यांच्या हातून निसटू लागली तसे लोक चुळबुळू लागले. एक म्हातारे रुपरावांना म्हणाले, "एक डाव जिंकू द्या ना जी आपल्यावाल्यांना."

"नाही बाबाजी," रुपराव म्हणाले. "जसं झालं तसंच दाखवू."

आम्ही हरलो. सगळ्यात आधी मी आडवा झालो. मला पुन्हा उभं केलं ते कृष्णकांतांनी. ते मागच्या रांगेतून उठून आले होते. त्यांनी मला रुपरावांच्या हातात दिलं आणि विचारलं, "मला असे चार ओतून द्याल?"

आता मी मास्तरांच्या कपाटात असतो. रंग उडालाय, भाला वाकलाय. पाहुणे अजून विचारतात, घोडा एवढासा का? विचारा, हजारदा विचारा, मी एक सूतभरही उंच होणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू चुकलेली आहे म्हणून कोणी मोडीत काढायला निघालं, तर जिने-ज्याने ती घडवली त्या माणसाला आधी बोलवा. त्याचं सगळं ऐकून घ्या. मग टाका मोडीत, टाकवत असेल तर.