जूनचं तिकीट

"जूनमध्ये? जपानला? हे खूळ कुणी घातलं तुमच्या डोक्यात?"

ट्रॅव्हल ऑफिसातल्या गेक इमने चष्मा कपाळावर चढवला आणि काउंटरपलीकडच्या माणसाकडे असं काही पाहिलं, की तो बिचारा खुर्चीत अंग चोरून बसला. चिन हो त्याचं नाव. विमानतळाजवळच्या एका कारखान्यात तंत्रज्ञ. शेजारी चाकांच्या खुर्चीत त्याची आई. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात आणि चेहऱ्यावर निगुतीने लावलेली पावडर. प्रवासाची चौकशी करायला येतानाच म्हातारी प्रवासाला निघाल्यासारखी सजून आली होती.

"आंटी, जूनच्या अखेरीला कारखाना दहा दिवस बंद असतो," तो म्हणाला. "मला तेवढीच सुटी."

"सुटी तुमची असते हो, पाऊस त्यांचा असतो! जूनच्या मध्यापासून तिकडे झड लागते. क्योतोत फोटो काढाल, तर मागे देवळाऐवजी नुसत्या छत्र्या दिसतील. आणि ही खुर्ची कुठे कुठे ढकलत नेणार? नोव्हेंबरात जा. तिसरा आठवडा. पानं लालभडक, आभाळ स्वच्छ, थंडी बेताची. एकतीस वर्षं हेच करतेय मी. माझं ऐका."

"नोव्हेंबरात सुटी मिळणं कठीण आहे."

"मग पुढच्या वर्षीचं बघा."

म्हातारी इतका वेळ भिंतीवरचं चेरीच्या फुलांचं चित्र बघत होती. मान न वळवताच ती म्हणाली, "पुढचं वर्ष लांब आहे गं, बाई."

गेक इमने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. चिन होचा फोन नंबर मोबाइलमध्ये घेतला, नोव्हेंबरचं माहितीपत्रक त्याच्या हातात ठेवलं. "बघतो, आंटी," म्हणून तो आईची खुर्ची ढकलत बाहेर पडला. 'बघतो' म्हणणारी माणसं पुन्हा फिरकत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पिनांगमध्ये कुणालाही परदेशी फिरायला जायचं झालं, की घरचे म्हणायचे, आधी इमला विचार. कुठलं फूल कुठल्या आठवड्यात फुलतं, तैवानला वादळं कधी येतात, न्यूझीलंडचा उन्हाळा आपल्या ख्रिसमसला कसा येतो, सगळं तिच्या जिभेवर. गिऱ्हाईक कितीही बडं असो, चुकीच्या ऋतूत निघालं की ती त्याला चारचौघांत झापायची. लोकही हसत ऐकून घ्यायचे आणि परत आल्यावर बिस्किटांचा डबा आणून द्यायचे. "इम, तू म्हणालीस तश्शीच फुलं होती गं!" ती स्वतः एकदाच परदेशी गेली होती. बँकॉकला, ऑफिसच्या कामासाठी, तीन दिवस. त्या तीन दिवसांत तिने हॉटेलच्या चौदा खोल्या पाहिल्या आणि एक नदी, तीही खिडकीतून.

तिची आई मात्र विचारायची. दरवर्षी, जेवताना, वाटीत सूप वाढून घेता घेता. "यंदा जायचं का गं जपानला? तुला सुटी कधी?"

आणि गेक इम सांगायची. एप्रिलात फुलं असतात, पण नेमका तेव्हाच चेंग बेंगचा सण येतो. बाबांचं थडगं झाडायला, त्यांना जेवू घालायला कोण जाणार? मे सुरू होताना तिकडची सगळी माणसं सुटीवर असतात, पाय ठेवायला जागा नसते. जूनमध्ये पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा, तुझं ब्लडप्रेशर. सप्टेंबरात वादळं. ऑक्टोबर-नोव्हेंबर अगदी छान, पण तेव्हा ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते, साहेब सोडायचे नाहीत. पुढे थंडी, तुझे गुडघे. असे बाराही महिने तिने आईला समजावून सांगितले. त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं.

आई "बरं" म्हणायची आणि पासपोर्टची मुदत संपली की नवा करायला लावायची. "असू दे. अचानक ठरलं तर?" फोटो काढायला जाताना पावडर लावायची. अशा तीन पासपोर्टांवर तीन आया होत्या, एकीपेक्षा दुसरी म्हातारी. गेल्या ऑगस्टमध्ये आई दुपारची झोपली ती उठलीच नाही. शेवटच्या पासपोर्टची दोन वर्षं अजून शिल्लक होती आणि आतल्या एकाही पानावर शिक्का नव्हता.

तेव्हापासून गेक इम फ्लॅटवर एकटीच. नाक्यावरचा नूडल्सवाला वर्षानुवर्षं तिला न विचारता दोन पॅकेटं बांधायचा. आई गेल्यावरही सवयीने दोनच बांधत राहिला. 'एकच द्या' एवढं म्हणायचं होतं तिला. पण मग तो "का?" विचारणार. म्हणून ती रोज दोन्ही घेऊन यायची आणि दुसरं पॅकेट सकाळी गरम करून खायची.

शनिवारी ऑफिस सुटल्यावर ती खू काकांच्या दुकानात गेली. रविवारी चेंग बेंग, आई गेल्यानंतरचं पहिलं. खू काका कागदी वस्तू विकायचे, थडग्यापाशी जाळून गेलेल्या माणसांना पोहोचवायच्या. कागदी कपडे, कागदी बूट, सोनेरी कागदाच्या लगडी, मोबाइलसुद्धा.

"आणि हे बघ, नवीन आलंय," काकांनी एक पाकीट पुढे सरकवलं. "पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट. ही एवढीशी बॅग त्याच्यासोबत. तुझ्या आईला हे नाही, तर कुणाला द्यायचं?"

गेक इमने तिकीट उघडून पाहिलं. अगदी खऱ्यासारखं होतं. नाव, ठिकाण, तारीख, सगळ्या रेघा कोऱ्या.

"काय हे काका! विमानं उडतात का तिकडे?"

"उडतात तर! आणि वेळेवर उडतात, आपल्यासारखं नाही." काका स्वतःच्याच विनोदावर हसले. मग गंभीर झाले. "पण इम, नीट भरून जाळ हं. कोरं जाळलंस तर बिचारी विमानतळावर बसून राहील."

घरी येऊन तिने दिवा लावला, टीव्ही लावला, नूडल्सचं पॅकेट उघडलं आणि बॉलपेन घेऊन टेबलाशी बसली. आईचं नाव लिहिलं. ठिकाण लिहिलं, क्योतो. तारखेच्या रेघेवर पेन टेकलं ते तिथंच राहिलं. आता आईचे गुडघे दुखत नव्हते. ब्लडप्रेशर नव्हतं. कुणाचं थडगं झाडायला जायचं नव्हतं. बाराही महिने मोकळे होते. आणि अख्ख्या गावाला महिना काढून देणाऱ्या गेक इमला आपल्या आईसाठी एक तारीख सुचेना. नूडल्स गार होऊन एकमेकांना चिकटले.

रविवारी आठ वाजताच दफनभूमीच्या डोंगरावर ऊन तापलं होतं. सगळ्या उतारभर माणसं, झाडू, विळे, धूर आणि मुलांना हाका. पुलापलीकडे मुख्य भूमीवर राहणारा धाकटा भाऊ केंग हुआत घामाघूम होऊन गवत कापत होता. त्याची बायको स्वी पोह आई-बाबांच्या जोडथडग्यापुढे कोंबडी, कासवाच्या आकाराच्या लाल पोळ्या, संत्री आणि चहाचे कप मांडत होती. गेक इम आपली काळी घडीची छत्री डोक्यावर धरून उभी होती. ही छत्री तिची बारमाही सोबतीण, पाऊस असो की ऊन.

उदबत्त्या अर्ध्या जळाल्यावर केंग हुआतने दोन नाणी हातात घोळवून जमिनीवर टाकली. "आई, जेवण झालं का गं?" एक छापा आणि एक काटा पडला तर 'हो', दोन्ही सारखे पडले तर 'नाही'. पहिल्यांदा नाही आलं. "सावकाश जेव, घाई नाही," असं म्हणत त्याने चोरून घड्याळ पाहिलं. दुसऱ्यांदा हो आलं. मग तो कागदी वस्तूंचा ढीग रचायला लागला आणि तिकीट त्याच्या हाताला लागलं.

"ताई, तारीख कोरीच आहे की!"

"ठरत नाहीये."

"तुझं ठरत नाहीये?" तो मोठ्याने हसला. "अगं, सगळ्या पिनांगचं ठरवतेस तू! मग आईलाच विचार. ती काय इथंच आहे." आणि मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "तूही जाऊन ये ना आता एकदा कुठेतरी. कोण अडवतंय?"

अडवणारं कुणीच उरलं नव्हतं, हेच तर दुःख होतं. गेक इमने छत्री मिटून शेजारी ठेवली, नाणी घेतली आणि गुडघे टेकून बसली.

"आई, एप्रिल. फुलं भरात असतात. आता तुला चेंग बेंगचं काम नाही."

दोन्ही छापे.

"बरं, नोव्हेंबर. लाल पानं. सगळ्यात चांगला महिना, मी सांगते ना."

दोन्ही काटे.

"फेब्रुवारी? बर्फ बघ. गुडघे आता दुखायचे नाहीत."

पुन्हा दोन्ही छापे.

"मग पाहिजे तरी काय तुला!" गेक इमचा आवाज चढला, अगदी काउंटरवर चढायचा तसाच.

स्वी पोह हसू दाबत म्हणाली, "सासूबाई जन्मभर तुमच्यापुढे चकार शब्द बोलल्या नाहीत, ताई. आता सगळा वचपा काढताहेत."

केंग हुआत हसला. गेक इमला मात्र ते काळजात जाऊन लागलं. खरंच, आई काय विचारायची? कुठला महिना चांगला, असं आईने कधी विचारलंच नव्हतं. ती विचारायची, तुला सुटी कधी? लाल पानं नि फुलं हे सगळं गिऱ्हाइकांचं. आईला लेकीची सुटी हवी होती. आणि सुटी होती की! शाळांच्या सुट्या संपल्या, की जूनच्या अखेरीला ऑफिसात माशा मारायची वेळ यायची. साहेब स्वतःहून म्हणायचे, इम, घे आठवडाभर सुटी. दरवर्षी ती घ्यायची. घरी बसून पडदे धुवायची, पंखे पुसायची. आई खाली स्टूल धरून उभी राहायची. आठ दिवस दोघी घरातच. कारण काय, तर जून हा चुकीचा ऋतू.

तिला रडू फुटलं. भाऊ गडबडून "धूर गेला का डोळ्यांत?" म्हणाला, तर तिने मानेनेच नाही म्हटलं.

"आई," ती म्हणाली, "जून. वीस तारीख. पाऊस असतो, भिजशील. पण माझी सुटी तेव्हाच असते."

नाणी पडली. एक छापा, एक काटा.

"झालं!" केंग हुआत म्हणाला. "चार वेळा टाकल्यावर कधीतरी पडणारच."

"पडू दे," गेक इम म्हणाली आणि तिने तारीख घातली, तिकिटावर शोभेल अशा सुवाच्य अक्षरात. मग तिकीट त्याच्या हातात न देता आधी मोबाइल काढला.

"चिन हो? मी गेक इम बोलतेय, ट्रॅव्हलमधली. जूनच्या जागा आहेत. तुमच्या दोघांसाठी धरून ठेवते."

"पण आंटी, तुम्हीच म्हणालात ना, झड असते?"

"छत्री घ्या."

"आणि खुर्ची?"

"देवळांना उताराचे रस्ते असतात, कुठले ते मी लिहून देते. आणि एक सांगायचं राहिलं होतं. पावसातच तिकडे निळी फुलं येतात, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी. ही एवढाली. बाकी कुठल्या महिन्यात नाहीत."

पलीकडे तो कुणाशी तरी बोलला. मग म्हणाला, "आई विचारतेय, नक्की ना?"

"नक्की, म्हणावं. पुढच्या वर्षाची वाट बघू नका."

मग सगळं पेटवलं. कपडे आधी जळाले, मग बूट, मग बॅग. तिकिटाचं टोक वळलं, तारीख क्षणभर तांबडी दिसली आणि गेली. राख वर उडाली. स्वी पोहने कोंबडी आणि पोळ्या डब्यात भरल्या आणि तिघं उताराला लागली. गाडी खाली रस्त्यावर होती.

निम्म्या वाटेत गेक इम थबकली.

"काय विसरलं?" भावाने विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे."

ती परत वर चढली. धाप लागली, पाठ घामाने भिजली. थडग्यापाशी पोहोचल्यावर तिने छत्रीची घडी नीट केली, पट्टी आवळून बटण लावलं आणि ती दगडाला टेकवून ठेवली, दांडा आईच्या उजव्या हाताशी येईल अशी. पडत नाही ना, ते दोनदा पाहिलं.

खाली केंग हुआत गाडीचं दार उघडून वाट बघत होता. "अगं ताई, ऊन बघ केवढं! छत्री कुठाय तुझी?"

"दिली," गेक इम म्हणाली, आणि कपाळावर आडवा हात धरून उतार उतरू लागली.