मँचेस्टरमधली अकरा प्रेक्षणीय स्थळे

माझा धाकटा भाऊ अभिजित मँचेस्टरला राहतो आणि मी आइंडहोवनला. मध्ये समुद्र आहे आणि तासाभराचं विमान आहे, त्यामुळे आमचे संबंध चांगले आहेत.

आई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी अण्णा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले. त्यातले पंधरा दिवस अभिजितकडे राहायचं, हे पुण्यातच ठरलं होतं. इंग्लंडचा व्हिसा काढताना अण्णांनी एकच कारण दिलं होतं: धाकट्या मुलाच्या घरी राहणे. अभिजितने घर घेतलं त्या वर्षी तो पुण्याला आला होता, तेव्हा आईने त्याच्या बॅगेतले कपडे बाहेर काढले आणि आपलं तांब्याचं घंगाळ आत बसवलं. नव्या घरात काहीतरी जुनं असावं म्हणून. त्या घरात जाणं तिला काही जमलं नाही. आपण चार दिवस तिथे राहावं, घंगाळ कुठे ठेवलंय ते बघावं, एवढंच अण्णांना हवं होतं. बाकी इंग्लंडबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

निघायला दहा दिवस असताना अभिजितचा मेल आला. सोबत पीडीएफ. 'मँचेस्टरमध्ये पाहण्यासारखी अकरा ठिकाणे'. रंगीत फोटो, बसचे नंबर, बसायला बाक कुठे, स्वच्छतागृह कुठे. जॉन रायलंड्स लायब्ररी, बाहेरून चर्च आणि आतून पुस्तकं. कॅसलफील्डचे कालवे. विज्ञान आणि उद्योगाचं संग्रहालय. टाउन हॉल कित्येक वर्षं दुरुस्तीला काढलेला, म्हणून 'बाहेरून बघावा'. ओल्ड ट्रॅफर्ड दोनदा, एकदा क्रिकेटचं आणि एकदा फुटबॉलचं. करी माइल, 'घरच्या जेवणाची आठवण आल्यास'. शेवटच्या पानावर हॉटेलचं बुकिंग. मध्यवर्ती, नाश्त्यासकट, पंधरा दिवस.

मी यादी छापून अण्णांच्या हातात दिली. आमच्या फ्रिजवर मीही अण्णांसाठी एक यादी लावली होती, पण तो विषय वेगळा.

अण्णा निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळा तपासल्या. त्यांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली आणि प्रत्येक ठिकाणापुढे पेनाने एक टिंब दिलं.

"चांगली केलीय. बाकांचंसुद्धा लिहिलंय."

"अभि पहिल्यापासून व्यवस्थित आहे," मी म्हणालो.

"हं. एक मुख्याध्यापक होता असाच. मी एसटीतून उतरलो की हातात यादी. साहेब, परसबाग बघा. साहेब, पाण्याची टाकी बघा. टाकीला हार घातलेला."

"मग?"

"मग काय, यादी खिशात घालायची आणि यादीत नाही ते बघायला मागायचं. म्हटलं, सातवीचा वर्ग दाखवा. उघडला तर आत वैरण."

मग त्यांनी अभिजितला फोन लावायला सांगितला. स्पीकरवर. माझी बायको शुभदा चटणी वाटत होती, तिने मिक्सर बंद केला.

"अभिजित, यादी मिळाली. उत्तम आहे."

"आवडली ना? फोटो अश्लेषाने टाकलेत. लायब्ररी चुकवू नका हं अण्णा."

"नाही चुकवत. तुझं घर कितव्या नंबरला आहे?"

"घर काय, घरी तर येणारच ना तुम्ही. चहाला."

"कुठल्या वारी?"

"ते बघू की. आणि घरात काय बघण्यासारखं आहे अण्णा? साध्या तीन खोल्या."

"व्याही कुठल्या खोलीत आहेत?"

अण्णा रोज सकाळी सगळ्यांचे स्टेटस बघतात, हजेरीपट तपासावा तसे. विहीणबाई, म्हणजे अभिजितच्या बायकोची, अश्लेषाची आई, मार्चपासून लेकीच्या घराचे फोटो टाकत होत्या. मीही बघितले होते. अण्णांच्या नजरेतून ते सुटले असतील, असं मी सोयीने धरून चाललो होतो.

"तुम्हाला दादाने सांगितलं का?" अभिजितने विचारलं.

"दादा काही सांगत नाही. तुझ्या सासूबाई सांगतात. घंगाळात मनीप्लांट लावलाय तुम्ही. खिडकीत. बरा दिसतो."

"अण्णा, त्यांचं सप्टेंबरपर्यंतचं आधीच ठरलं होतं. आणि दोन्हीकडची माणसं एकदम आली की अश्लेषाला ताण येतो. हॉटेल फोर स्टार आहे, माझ्या ऑफिसपासून पाच मिनिटं."

"असेल. मी येत नाही. यादी फाइलला लावून ठेवतो. व्याह्यांना नमस्कार सांग."

फोन ठेवला. मला राग आला. थोरल्या भावाला येतो तो, फुकटचा.

"कमाल आहे," मी म्हणालो. "स्वतःच्या वडिलांना हॉटेलात ठेवायचं?"

अण्णा उठले, फ्रिजपाशी गेले आणि पवनचक्कीचं मॅग्नेट काढून माझी यादी घेऊन आले. टेबलावर त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. 'आइंडहोवनमध्ये पाहण्यासारखी नऊ ठिकाणे'. ट्रकचं संग्रहालय, दिव्यांचं संग्रहालय, उडत्या तबकडीसारखी इमारत, गेनेपर पार्क. बसचे नंबर, बाक, स्वच्छतागृह. मी घरून काम करतो आणि माझं टेबल अण्णांच्या खोलीत आहे.

"मसुदा एकच आहे," अण्णा म्हणाले. "तुझ्यात टाउन हॉल नाही, एवढंच."

"तुम्हाला कंटाळा येऊ नये म्हणून होती ती, अण्णा."

"हो ना. परसबागही त्याचसाठी असायची. साहेबांना वर्गात उकडू नये म्हणून."

"अण्णा, तुम्ही उद्या घरीच थांबा," शुभदा म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

मी नाही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी माझा डेमो होता, म्हणून नुसती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर टाकली. एकतीस वर्षं शाळा तपासलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

सकाळी पावणेनऊला अण्णा बूट घालून बाहेर पडले. हातात माझी यादी, पिशवीत डबा. डेमो छान झाला.

अण्णा नोकरीत असल्यापासून दैनंदिनी लिहितात. गावाचं नाव, काय तपासलं, शेवटी शेरा. त्या संध्याकाळी ते अंघोळीला गेले तेव्हा वही टेबलावर, म्हणजे माझ्या टेबलावर, उघडी होती. मी वाचली.

'आइंडहोवन. ट्रकचे संग्रहालय तिसऱ्यांदा पाहिले. सुस्थितीत आहे. शेरा: येथील घरही प्रेक्षणीय आहे. सायंकाळी साडेपाचनंतर खुले.'

तपशिलात चूक आहे. बुधवारी माझी अमेरिकेशी मीटिंग असते. बुधवारी सातनंतर.